‘तुका कशें दिसता?’ : गोव्यात नव्याने आलेल्या गरोदर बायकांसाठी

गडहिंग्लजहून आंबोली घाट उतरून म्हापशाला आले, त्याला आता सोळा वर्षं झाली. नवऱ्याला पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, एक खोली भाड्याने घेतली आणि वर्षभरात मला दिवस गेले. नव्याने आलेल्या मुली मला भाडं, गॅस, शाळा सगळं विचारतात. गरोदरपणात, बाळंतपणानंतर मन खचलं तर काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

सातव्या महिन्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सने वजन करता करता विचारलं, “तुका कशें दिसता?” मला वाटलं, मी दिसते कशी असं विचारतेय. तीन दिवस केस विंचरले नव्हते. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, “बरी दिसते.” कोकणीत ‘दिसता’ म्हणजे ‘वाटतं’, हे पुढे शेजारणीकडून कळलं. ती माझ्या मनाचं विचारत होती. रात्र रात्र डोळा लागत नव्हता, भाजी चिरताना रडू फुटायचं, आणि विचारणारं पहिलं माणूस समोर असताना सांगायचं राहून गेलं. मुलगा झाल्यावरचे चार महिने मी तसेच काढले. दुसऱ्या खेपेला मात्र मी स्पष्ट सांगितलं, “म्हाका बरें दिसना.” एवढं पुरतं. पुढचं मराठीत बोललात तरी इथे बहुतेकांना कळतं. मोठे शब्द नकोत. ‘मन लागत नाही, झोप येत नाही, बाळाची ओढच वाटत नाही’ असं जे असेल ते सांगा.

आपल्याकडे हे सगळं ‘माहेरी गेलीस की बरं वाटेल’ यावर ढकललं जातं. आईच्या हातचं खाऊन, शेक-शेगडी घेऊन अंग भरून येतं, हे खरं. पण मनाचं दुखणं बऱ्याचदा बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेलं असतं. गोव्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच त्रासात होत्या. पैशाची ओढाताण आणि नवराबायकोतला बेबनाव असेल तिथे धोका जास्त दिसला. मुलगी झाली म्हणून घरच्यांची तोंडं उतरतात, त्याचाही भार आईवर पडतो. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातच बोला, सव्वा महिना होण्याची वाट बघू नका.

बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. दोन आठवडे उलटूनही जात नसेल तर डॉक्टरला दाखवायचंच. मला एका दवाखान्यात ‘सगळ्याच बायकांना होतं’ म्हणून परत पाठवलं होतं. तुम्हाला कुणी असं म्हटलं तर दुसरीकडे जा. रक्त आणि थायरॉईड तपासायलाही सांगा, कारण ते बिघडलं तरी असाच थकवा येतो. आणि बाळंतीण झोपच लागत नसताना थकत नसेल, घरच्यांवर संशय घेत असेल, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचं बोलत असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात एक रात्रही घालवू नका. तिला एकटं सोडू नका, १०८ लावा.

जायचं कुठे? सुरुवात आपल्या आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात करा. उत्तरेला म्हापशाचं, दक्षिणेला मडगावचं. मोठी जागा म्हणजे बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, गोवा मेडिकल कॉलेजजवळच आहे. तिचं नाव काढलं की घरचे दचकतात, ‘वेड्यांच्या दवाखान्यात कशाला’ म्हणतात. त्यांना सांगा, तिथे ओपीडीत दाखवून बाई संध्याकाळी घरी येते. दाखल व्हावं लागलंच तर बाळ हिरावून घेतील ही भीती मला फार होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईपासून वेगळं करायचं नाही असं आहे. संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचं काम करते. साध्या आयांनाच शिकवून, त्यांना ‘सखी’ म्हणून गरोदर बायकांशी बोलायला पाठवण्याचा प्रयोगही तिने इथे केला. रात्री दोनला कुणी नसेल तेव्हा टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय होत नाही. आधार कार्ड घेऊन जा आणि केसपेपर काढतानाच शुल्क विचारून घ्या.

आता नवऱ्यांना एक सांगते. ‘काय कमी आहे तुला?’ हा प्रश्न विचारू नका. रात्रीची एक पाळी तुम्ही घ्या, बाळाला खांद्यावर टाका आणि तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. तुमचंही मन खचत असेल तर तोच १४४१६ नंबर तुमच्यासाठीही आहे.

शेवटचं, माहेरी निघण्याआधीचं. गोव्यात सुरू झालेल्या गोळ्या कोल्हापूर-बेळगावला पोचल्यावर तुटतात, असं मी बऱ्याच जणींचं पाहिलंय. कुणीतरी ‘बाळाला दुधातून जाईल’ म्हणतं आणि डबी फळीवर पडून राहते. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, आणि गरोदरपणात टाळायच्याही आहेत, तेव्हा घेणं-थांबवणं डॉक्टरलाच विचारून. निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि डॉक्टरचा फोन पिशवीत घाला. आईला किंवा वहिनीला, जी ऐकून घेईल तिला, गाडीत बसायच्या आधीच सगळं सांगून ठेवा.