कोलकात्याची बंद अँबॅसेडर पुण्याला आणताय? या चुका टाळा

कोलकाता, कोइंबतूर, इंदूर, कुठल्यातरी पोर्चमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली अँबॅसेडर नाहीतर पद्मिनी ऑनलाइन दिसते, किंमत आवाक्यातली असते, फोटो बघून जीव अडकतो आणि टोकन जातं. मग ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन सुरू होतात आणि एकेकाचे आकडे ऐकून वाटायला लागतं की गाडीपेक्षा भाडंच जास्त होतंय. हे टाळता येतं. बंद गाडी परवडेल अशा खर्चात दीड-दोन हजार किलोमीटर नक्की येते, फक्त एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या: इंजिन बंद आहे म्हणून भाडं वाढत नाही, चाकं फिरत नाहीत म्हणून वाढतं. इंजिनच नसलेली पण चार माणसांनी ढकलली की सरकणारी गाडी साध्या ट्रकात चढते. चाकं जाम असलेली गाडी मात्र हायड्रा (उचलणारी क्रेन) मागते, आणि हायड्राचं बिल दोन्ही टोकांना द्यावं लागतं.

"गाडी बंद आहे" एवढंच सांगून फोन ठेवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. "बंद" म्हणजे काय ते समोरचा स्वतःच्या सोयीने ठरवतो. एकजण बॅटरी उतरली असेल असं धरून कमी भाव सांगतो आणि गाडी बघितली की "ये नहीं चढेगी" म्हणून निघून जातो, वर आल्या-गेल्याचे पैसे मागतो. दुसरा भंगारच आहे असं धरून दुप्पट सांगतो. म्हणून फोनवरच चार गोष्टी स्पष्ट सांगा: चारही चाकं फिरतात का, स्टेअरिंग दोन्हीकडे वळतं का, ब्रेक किंवा निदान हँडब्रेक धरतो का, आणि टायरमध्ये हवा टिकते का. सोबत विक्रेत्याकडून गाडी ढकलतानाचा छोटा व्हिडिओ मागवा, सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना तोच पाठवा. भाव एकसारखे यायला लागतात.

नवीन गाड्या नेणारे बंद कंटेनर कॅरियर स्वस्त वाटतात कारण त्यात सहा-आठ गाड्यांमध्ये भाडं वाटलं जातं, पण तिथे गाडी स्वतःच्या पायाने चढते हे गृहीत असतं. गाडी आत ओढून घ्यायला विंच आहे का, खालच्या डेकवरच घेणार का, हे विचारल्याशिवाय स्लॉट बुक करू नका.

चाकं मोकळी न करताच गाडी ओढणं

दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक शू ड्रमला गंजाने चिकटतात. कोलकाता, चेन्नई, आपलं कोकण, सगळीकडे तेच. अशा वेळी बंपरला साखळी लावून खेचायचा मोह होतो, आणि जुन्या गाडीचा पत्रा आतून गेलेला असेल तर बंपर ब्रॅकेटसकट हातात येतो. अँबॅसेडर आणि पद्मिनी दोन्ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चॅसी, बॉटम सडला असेल तर ओढायला भक्कम असं खाली काही उरत नाही. स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चॅसी आहे, तरी तिथेही आधी खाली झोपून बघायलाच हवं.

त्यापेक्षा गाडी जिथे आहे तिथला एक जुना मेकॅनिक एका दिवसासाठी पकडा. पूर्ण प्रवासात यापेक्षा जास्त वसूल होणारा खर्च दुसरा नाही. तो आधी हँडब्रेकची केबल सैल करेल, मग ब्रेक अ‍ॅडजस्टर मागे घेईल, चाक काढून ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून कडेकडेने हातोडी मारेल. ठोकताना थेट लोखंडावर लोखंड नको, जुना बिडाचा ड्रम तडकतो आणि मिळायला त्रास होतो. तरीही चाक फिरत नसेल तर व्हील सिलिंडरचा ब्लीडर निपल (ब्रेकचं तेल सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बघायचा, कारण जुना होजपाइप आतून फुगलेला असला की तेल परत जात नाही आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. निपल उघडल्यावर चाक सुटलं तर दोष ड्रममध्ये नाही, होजमध्ये आहे, हेही तिथल्या तिथे कळतं. सोबत गाडीत बसणारे कुठलेही चार जुने टायर ट्यूब घालून चढवून घ्या, पुढे फेकून दिले तरी चालतील. स्टेअरिंग लॉक असेल आणि किल्ली हरवली असेल तर चावीवाल्यालाही त्याच दिवशी बोलवा.

टोचन लावून हायवेने आणणं

जवळच्या गॅरेजपर्यंत ठीक. पण बेळगावहून पुण्याला, नागपूरहून नाशिकला दोरीने गाडी आणायची हा विचार सोडून द्या. मागे स्टेअरिंग धरून बसलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, ब्रेकचा भरवसा नाही. शिवाय या सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. न्यूट्रलमध्ये ओढल्या तरी मागची चाकं प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) फिरवतात आणि गिअरबॉक्सची मागची बाजू फिरत राहते, पण इंजिन बंद असल्याने आतलं तेल वर उडत नाही. कोरडा गिअरबॉक्स लांब ओढला की बेअरिंग गेलं. नाइलाज असलाच तर प्रोपेलर शाफ्ट उतरवून मगच ओढा.

मापं न घेता ट्रक ठरवणं

"चौदा फुटी आयशर आहे, बसेल" असं सांगतात. पद्मिनी तेरा फुटांच्या आतली, ती बसते. अँबॅसेडर चौदा फुटांहून दोन इंच लांब आहे, फाळका (ट्रकचं मागचं दार) लागणार नाही आणि मग उघड्या फाळक्याला दोऱ्या बांधून गाडी निघते. तिला सतरा फुटी बघा. काँटेसा पंधरा फुटी, तिलाही तेच. दोन मित्रांच्या गाड्या एकाच बाजूला असतील तर ३२ फुटी गाडीत दोन अँबॅसेडर मागेपुढे बसतात आणि भाडं निम्मं निम्मं होतं, क्लबातल्या लोकांना आधी विचारून बघा, कुणी ना कुणी निघतोच.

आणि भाड्याबद्दल. कोलकाता ते पुणे साधारण १,९०० किमी धरा. भरलेला छोटा ट्रक लिटरला सात किमी देतो असं मानलं आणि डिझेल ९० रुपये धरलं तर नुसतं डिझेल २४,००० च्या वर जातं, टोल आणि ड्रायव्हर वेगळे. हा हिशोब हाताशी ठेवा. फक्त तुमच्यासाठी जाणारी गाडी १५,००० मध्ये देतो म्हणणारा एकतर वाटेत पैसे वाढवणार नाहीतर येणारच नाही. भाडं खरंच कमी होतं ते परतीच्या गाडीत. त्यासाठी कोलकात्यातल्या एजंटला फोन करण्यापेक्षा पुण्याकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याला करा. चाकण-रांजणगावहून माल घेऊन पूर्वेला गेलेल्या गाडीला परत यायचंच असतं, रिकामं येण्यापेक्षा तो तुमची गाडी पडेल भावात आणतो. फक्त तारखेची घाई करू नका. "याच रविवारी पाहिजे" म्हटलं की परतीची गाडी हातची जाते.

अ‍ॅडव्हान्सबद्दलही सांगतो. नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव लावून, स्वस्त भाव सांगून, यूपीआयवर पैसे घेणारे बरेच आहेत. आधी बुकिंग, मग "रिफंडेबल इन्शुरन्स", मग "जीएसटी", अशी मागणी वाढत जाते आणि ट्रक काही येत नाही. गाडी ट्रकात चढून बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) हातात येईपर्यंत थोडकंच द्या आणि बाकी डिलिव्हरीला.

चढवणं आणि बांधणं ड्रायव्हरवर सोडणं

दोन फळ्या लावून गाडी चढवायला गेलात तर चढ इतका उभा होतो की सायलेन्सर आणि पोट फाळक्यावर घासतं. ट्रक एखाद्या मातीच्या उंचवट्याला नाहीतर गोदामाच्या धक्क्याला मागून लावला की गाडी जवळजवळ सपाट आत जाते, हायड्रा लागतच नाही. विक्रेत्याला विचारा, जवळपास अशी जागा माहीत असतेच. हायड्रा वापरायचीच वेळ आली तर पट्टे चाकांतून घ्यायला लावा आणि वर आडवा पाइप द्या, नाहीतर पट्टे आत ओढले जाऊन मडगार्ड आणि छताची कड चेपतात.

बांधताना मात्र स्वतः किंवा आपला माणूस तिथे उभा पाहिजे. ड्रायव्हर लोक बंपर नाहीतर खिडकीच्या खांबातून दोरखंड घेतात, ती त्यांची सवय आहे. पण बॉडी बांधली आणि खाली पाटे-स्प्रिंग मोकळे राहिले की प्रत्येक खड्ड्याला गाडी वरखाली होते, दोर सैल पडतो आणि ओडिशा-छत्तीसगड ओलांडेपर्यंत गाडी फाळक्यावर आपटायला लागते. चाकं नाहीतर अ‍ॅक्सल बांधा, रॅचेट बेल्टने. मागच्या अ‍ॅक्सलवरून बेल्ट टाकताना टॉर्च घेऊन बघा, अ‍ॅक्सलच्या नळीला चिकटून ब्रेकची बारीक पाइप जाते, बेल्ट त्यावर आला आणि कसला की ती चपटी होते. हे तेव्हा कुणाला दिसत नाही, ब्रेकचं काम काढल्यावर महिन्यांनी सापडतं. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे खिळ्यांनी ट्रकच्या फळीला ठोका, हँडब्रेकवर विसंबू नका. ड्रायव्हरला पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा कसायला सांगा आणि त्याचा फोटो मागा.

ताडपत्री हवीच, पण ती थेट रंगावर नको. वाऱ्याने फडफडून पॉलिश पेपरने घासल्यासारखा रंग निघतो, आधी जुनी चादर घाला. बॅटरी काढा, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसा. हबकॅप, बोनेटवरचा बॅज, जुना रेडिओ, लोगो, हे सगळं काढून पार्सलने वेगळं मागवा. पार्ट गाडीतच ठेवू नका, वाटेत उतरले तर परत मिळत नाहीत आणि बिल्टीत त्यांची नोंदही नसते.

कागदांचं नंतर बघू म्हणणं

स्वस्त गाडी खरी महाग पडते ती इथे. पैसे देण्याआधी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी जुळवा, नुसत्या फोटोवर नको, खरवडून, पुसून, स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ मागा. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन नसते, ती बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) तिथल्याच आरटीओत होते, पुण्यात बसून होत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे नावावर करायला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि विक्रेत्याच्या सहीचे फॉर्म २९, ३०. मूळ कागद कुरियरने मागवा, ट्रकबरोबर झेरॉक्स आणि विक्रेत्याचं पत्र द्या.

कोलकात्याच्या बाबतीत एक जास्तीची काळजी. तिथे १५ वर्षांवरच्या टॅक्सी रस्त्यावरून काढाव्या लागतात, त्यामुळे स्वस्तात दिसणाऱ्या पुष्कळ अँबॅसेडर आधी पिवळ्या टॅक्सी होत्या, रंग बदललेला असला तरी. आरसीवर वर्ग बघा. टॅक्सी खाजगीत बदलून मिळणार का हे गाडी हलवायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

"व्हिंटेज नंबर घेऊ" असंही लोक सहज म्हणतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली, खाजगी गाडीच त्यात बसते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. अँबॅसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे ९० च्या दशकातली गाडी दिसायला कितीही जुनी वाटली तरी या नियमात येत नाही.

विम्याशिवाय पाठवणं आणि बिल्टीवर डोळे झाकून सही

रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली आणि २०११ च्या नियमांनुसार मालाची जास्त किंमत जाहीर करून तसा दर भरला नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं ३०,००० असेल तर तीन लाख, साध्या पद्मिनीला पुरतील, चांगल्या जुन्या मॉडेलला नाही. म्हणून बिल्टीवर किंमत लिहून घ्या आणि ट्रान्झिट विमा स्वतः काढा, "हमारे में इन्शुरन्स है" यावर जाऊ नका, पॉलिसीचा कागद बघा. चढवण्याआधी चारही बाजूंनी, खालून, काचांचे, डॅशबोर्डचे फोटो त्याच दिवशीच्या तारखेसह काढून ड्रायव्हरलाही व्हॉट्सअॅप करा.

पुण्यात पोचल्यावर घाई असते, ड्रायव्हरला पुढचा माल उचलायचा असतो. शहरात दिवसा जड वाहनांना बंदीच्या वेळा असल्याने ट्रक पेठेतल्या गल्लीत आणायचा हट्ट धरू नका, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरला उतरवून तिथून लोकल फ्लॅटबेडने घरी न्या. हे पैसे आधीच धरून ठेवा. आणि उतरवल्यावर उजेडात गाडीभोवती एक चक्कर मारल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही नको. काच तडकली, मडगार्ड चेपलं, काहीही दिसलं तर सहीच्या वरच लिहा, फोटो काढा. दावा करायचाच असेल तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, डिलिव्हरीच्या तारखेपासून नाही.