पाहून आली का आयकून आली? मिलिटरी इंटेलिजन्समधली माझी 10 वर्षं

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, घरी 6 एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. बाबांची एक सवय होती, मी बाहेरून येऊन काहीही सांगितलं, अमक्याच्या वावरात डुकरं घुसली, जिनिंगवर भाव पडला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाहून आली का आयकून आली?" तेव्हा जाम राग यायचा. पुढे फौजेत मला याच प्रश्नाचा पगार मिळाला.

2012 ला कमिशन झालं, म्हणजे आर्मीत ऑफिसर झाले, 2022 ला मेजर म्हणून बाहेर पडले, सगळी नोकरी इंटेलिजन्स कोअरमध्ये, कोअर म्हणजे आर्मीची शाखा. आता नागपूरला असते आणि गावाकडच्या पोट्ट्यांचे, हल्ली पोरींचे जास्त, फोन येतात म्हणून एकदाच लिहून टाकते. ऑपरेशनचं काही विचारू नका, ते सांगणार नाही, 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट नोकरी सुटली म्हणून सुटत नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "ताई, तुम्ही रॉ मध्ये होत्या का?" नाही बाबा. रॉ वेगळी, 1968 ला निघाली, परदेशातली माहिती तिचं काम. आयबी गृहमंत्रालयाची, देशातलं बघते. मिलिटरी इंटेलिजन्स म्हणजे आर्मीची स्वतःची, समोरच्याची फौज कुठं आहे किती आहे काय करायच्या बेतात आहे, आणि आपल्या फौजेतून काही बाहेर जातंय का, एवढंच तिचं वावर. तिन्ही दलांसाठी मिळून डीआयए, म्हणजे डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आहे, ती कारगिलनंतर 2002 ला झाली.

दुसरं, "मिलिटरी इंटेलिजन्स ऑफिसर पाहिजेत" अशी भरती निघत नसते. आमच्याकडच्या एका पोराने कुठल्याशा क्लासवाल्याला "एमआय स्पेशल बॅच" म्हणून तुरीचे पैसे दिले, अशी बॅच नसतेच रे. आधी ऑफिसर व्हायचं, ट्रेनिंगच्या शेवटी पसंती विचारतात, आणि मग मेरिट, जागा, तुमचा कल बघून कोअर मिळते. माझी पहिली पसंती सिग्नल्स, म्हणजे फौजेच्या दळणवळणाची कोअर, होती खरं सांगायचं तर.

रस्ते सांगते. बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, 2022 पासून मुलींनाही, पहिली बॅच 2025 मध्ये बाहेर पडली. पदवीनंतर सीडीएस ही लेखी परीक्षा. आणि माझा रस्ता, जो कॉलेजातल्या पोरींना कोणी सांगतच नाही, एनसीसी स्पेशल एन्ट्री. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला 50 टक्के, मग लेखी परीक्षाच नाही, फॉर्म शॉर्टलिस्ट झाला की थेट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यू. मी यवतमाळला बीएस्सी करताना एनसीसीत गेले ते परेडनंतर नाश्ता मिळायचा म्हणून, बाकी काही देशभक्ती वगैरे तेव्हा डोक्यात नव्हती.

क्लासला पैसे नसतील तर सरकारी सोय आहे. संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) 1977 पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे, आणि नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी फुकटात होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, पंख्याखाली बसवून नीट सांगतात.

एसएसबी 5 दिवसांची. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, गोष्ट लिहायची, मग ग्रुपमध्ये सांगायची, त्यातच निम्म्याहून जास्त लोक घरी जातात. भोपाळला मीही तशीच पहिल्या दिवशी घरी गेले. क्लासच्या झेरॉक्समधली गोष्ट पाठ होती, चित्रात दिसत होती एक म्हातारी आणि मी सांगितला गावात आरोग्य शिबिर भरवणारा तरुण डॉक्टर, माझ्या आधी दोघांनीही तोच डॉक्टर सांगितलेला. परतीच्या गाडीत तोंड लपवून बसले.

दुसऱ्या वेळी अलाहाबादला काही पाठ केलं नाही. एका चाचणीत 60 शब्द एकेक करून येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला 15 सेकंद, त्यात पाठांतर टिकतही नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी गावाबद्दल विचारलं, विहिरी किती. म्हटलं 11, उन्हाळ्यात पाणी राहतं 3 ला. यंदा? म्हटलं सर, यंदा 2 ला आहे असं आईनं फोनवर सांगितलं, मी पाहिलं नाही. ते थांबले, काहीतरी लिहिलं, आणि पुढचा अर्धा तास नुसतं गावाबद्दलच विचारत राहिले, मी उत्तरं देत होते माझ्या मोडक्या इंग्रजीत. इंग्रजी मोडकं चालतं, पण बोलावं लागतं, गप्प बसलेलं चालत नाही. मेडिकलला मात्र कान साफ करून जा, हसू नका, नुसत्या मळापायी लोकांना पुन्हा बोलावतात.

चेन्नईच्या ओटीएचे, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचे, 49 आठवडे थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांचे सारखेच, पळणं, पोहणं, झोप नाही. पोहता येत नसेल तर आत्ताच शिका, मी विहिरीत दोर बांधून शिकलेली, तिथं तलावात माझी स्टाईल बघून उस्ताद हसले होते. ट्रेनिंगमध्ये आता महिना 56,100 स्टायपेंड आहे, लेफ्टनंटचं मूळ वेतनही तेच, वर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे.

खरी गोष्ट सुरू होते पुण्यात, इंटेलिजन्सचं ट्रेनिंग स्कूल तिथं आहे. सुरुवातीच्या दिवसांतला एक धडा अजून डोळ्यासमोर आहे. बाजारात 10 मिनिटं फिरवून आणलं आणि म्हणाले लिहा काय दिसलं. मी लिहिलं, पानटपरीजवळ एक घाबरलेला माणूस कोणाची तरी वाट बघत होता. वहीवर लाल गोल होऊन आला. "घाबरलाय हे त्याने सांगितलं तुम्हाला? वाट बघतोय हे?" मी म्हटलं नाही सर, पण दिसत होतं. "काय दिसत होतं ते लिहा." मग पुन्हा लिहिलं. वय 30 च्या आसपास, निळा शर्ट, डावा हात खिशात, 4 मिनिटांत 6 वेळा रस्त्याच्या एकाच टोकाकडे पाहिलं, पान घेतलं पण खाल्लं नाही. घाबरला हा माझा अंदाज, तो खाली वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणूनच. तेवढ्या एका पानासाठी चार वेळा कागद परत आला आणि मला बाबा आठवत होते.

जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे, बातमी देणाऱ्याला ए ते एफ अक्षर आणि बातमीला 1 ते 6 आकडा, दोन्ही वेगवेगळे द्यायचे. म्हणजे बघा, आमचा कोतवाल बी, त्याचं बहुतेक खरं निघतं, पण त्याचीही एखादी बातमी 5, म्हणजे खरी नसावी अशी, असू शकते. पानठेल्यावरचा गप्पाडा ई, तरी एखाद्या दिवशी तो 1 वाली, म्हणजे दुसरीकडूनही पक्की झालेली, बातमी आणतो. आणि एफ म्हणजे खोटारडा नव्हे, एफ म्हणजे या माणसाला अजून आपण ओळखत नाही. हे नवीन पोरांना पटतच नाही, एफ दिसला की फेकून देतात.

3 मे 1999 ला बटालिकच्या बाजूला ताशी नामग्याल नावाचा मेंढपाळ हरवलेला याक शोधत होता, दुर्बिणीतून त्याला डोंगरावर बर्फ उकरणारी माणसं दिसली, त्याने येऊन आर्मीला सांगितलं. कारगिलची पहिली खबर म्हणतात ती ही. गुरं शोधत फिरणारा माणूस! तो पाहून आला होता. मी कोर्समध्ये हे वाचलं तेव्हा आमच्या गावचा गुराखी डोळ्यापुढे आला, ज्याला कोणाच्या धुऱ्यावरून कोण किती वाजता गेलं हे कायम माहीत असतं आणि ज्याला कोणी काही विचारत नाही.

रोजचं काम मात्र सिनेमासारखं अजिबात नाही. सकाळी कागदांचा गठ्ठा, कोणी रेडिओवर पकडलेलं, कोणी फोटोतलं, कोणी माणसाकडून आणलेलं, ते जुळवायचं, जुळत नसेल तर का जुळत नाही ते शोधायचं, आणि संध्याकाळपर्यंत कमांडरला एका पानात सांगायचं की याचा अर्थ बहुधा असा. बहुधा हा शब्द लिहायला हिंमत लागते. पोस्टिंग डोंगरातही होतं, वाळवंटातही, आणि भाषा शिकायला मिळते हा मोठा फायदा, आर्मीत परदेशी भाषा पचमढीलाही शिकवतात. नागद्वारच्या यात्रेला जातो तेच पचमढी हो.

मला सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. गावात पोरगी ऑफिसर झाली म्हणजे आईने सगळ्या आळीत सांगणारच. एका लग्नात मामीने भर मांडवात विचारलं "काय वं, आता कुठं बॉर्डरवर हायेस?" आणि माझ्या आधी आईने पोस्टिंगचं ठिकाण सांगून टाकलं, शेजारी कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. त्या रात्री आईला घेऊन बसले, ती आधी रडली, मग म्हणाली मी आता सांगीन ऑफिसात हाय. तेव्हापासून 8 वर्षं मी ऑफिसात होते. तुम्हीही आत्तापासून सवय लावा, "मिशन एमआय" असलं स्टेटस टाकू नका. आर्मीने 2020 मध्ये आपल्या लोकांना फोनमधून 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितले होते ते उगाच नाही, पलीकडून गोड बोलणारी प्रोफाईल कोणाची असते ते कळेस्तोवर माणूस गेलेला असतो.

पैशाचंही ऐकून ठेवा. माझी होती ती शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, 10 वर्षं, वाढवली तर 14, पेन्शन नाही. 17 फेब्रुवारी 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बायकांना पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा, रस्ता मोकळा झाला, माझ्या बरोबरीच्या काहींनी घेतलं, मी बाबांच्या पॅरालिसिसमुळे नाही घेतलं. चुकलं का? महिन्यातून एकदा तरी वाटतं.

आणि फॉर्म भरण्याआधी एक काम करा, टीसी, दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. माझ्या बाबांचं नाव एकीकडे ज्ञानेश्वर, एकीकडे ग्यानेश्वर, आणि आडनावात एक काना कमी होता, त्यासाठी गॅझेट, अ‍ॅफिडेविट, तालुक्याच्या 7 चकरा, आणि शाळेचे बाबूजी म्हणे रजिस्टर उधईने खाल्लं. बाबूजींनी रजिस्टर पाहिलं होतं का, हे मी तेव्हा विचारलंच नाही. दुसऱ्या चकरेला विचारलं. कपाटात धड होतं.