कोविडनंतर लेकराचे हातपाय दुखायलेत? आधी घरी काय बघायचं, दवाखाना कधी गाठायचा

ताप-खोकला होऊन गेला, कोविड निघाला, आणि आता लेकरू म्हणायलंय की पाय दुखायलेत. आपल्याकडं लगेच दोन गोष्टी होतात, आजी तेल घेऊन बसते नाहीतर कुणीतरी मेडिकलवरून गोळी आणतं. मायेपोटीच होतं हे, पण त्याआधी दहा मिनिटं लेकराकडं नीट बघा, कारण दुखणं कुठं आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी आहे यावरूनच बरंच कळतं.

1. ताप कधी आला होता ते आठवा.
ताप उतरता उतरता अचानक दोन्ही पोटऱ्या दुखायला लागल्या, लेकरू चवड्यावर चालायलंय किंवा उभंच राहीना, हे बघून आईबापाचा जीव उडतो. बऱ्याचदा ती व्हायरल तापानंतर स्नायूंना आलेली सूज असते, फ्लूनंतर जास्त दिसते, कोविडनंतरही दिसलीय, आणि साधारण आठवडाभरात जाते. डॉक्टरला एकदा दाखवा, आराम आणि भरपूर पाणी द्या आणि रोज लघवीचा रंग बघा. कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण स्नायूतलं द्रव्य रक्तात उतरून किडनीला त्रास देतं.

कोविडनंतर 2 ते 6 आठवड्यांनी पुन्हा जोराचा ताप, डोळे लाल, अंगावर चट्टे, पोटदुखी-उलट्या, हातपाय सुजलेले असं असेल तर तो एमआयएस-सी, म्हणजे कोविडनंतर लेकराच्या बऱ्याच अवयवांना एकदम सूज येणारा आजार, असू शकतो. त्यात हृदयावरही परिणाम होतो. सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

2. सांधा उजेडात बघा.
दोन्ही गुडघे उघडे करून शेजारी शेजारी ठेवा. एक जास्त फुगलाय का, वाटीच्या बाजूचे खड्डे भरलेत का, हाताची पालथी बाजू लावून गरम लागतो का. मग स्वतः ओढू नका, लेकरालाच सांगा, उकिडवं बस, मूठ वळ, चवड्यावर चाल, टाचेवर चाल. नुसतं दुखणं वेगळं आणि सूज वेगळी, डॉक्टर हेच आधी विचारतात. आणि खुब्याचं दुखणं बारकी लेकरं गुडघ्यात सांगतात, त्यामुळं गुडघा चांगला दिसला आणि तरी लेकरू लंगडत असेल तर खुबा तपासून घ्या.

एकच सांधा गरम, ताप आहे, लेकरू हात लावू देईना, पाय टेकवेना, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. इथं एकेक तास महत्त्वाचा, लगेच दवाखाना गाठा. मालिश नको, हाड बसवणाऱ्याकडं तर अजिबात नको.

दुखत नाही पण पायातली ताकदच चाललीय, पायऱ्या चढवेनात, उठताना आधार लागायलाय, तर हेही लगेच दाखवायचं.

3. वेळ लिहून ठेवा.
दिवसभर खेळून रात्री दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी लेकरू उड्या मारतंय, हे सहसा वाढीच्या वयातलं दुखणं. उलट सकाळी आखडलेलं, दुपारपर्यंत मोकळं, आणि सूज 6 आठवड्यांच्या वर राहिली तर लहान मुलांचा संधिवात असू शकतो. हो, लेकरांनाही होतो. त्यात डोळा लाल न होता आतून सुजतो, म्हणून डोळे तपासणं टाळू नका.

रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, चेहरा पांढरा पडलाय, मार न लागता निळे डाग, वजन उतरायलंय, तर आधी रक्त तपासा. इथं कळकळीनं सांगते, तपासणीआधी कुणाकडूनही स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, दोन दिवस बरं वाटतं पण रक्ताचा कॅन्सर असेल तर तो झाकला जातो.

4. सगळं कोविडवर ढकलू नका.
पावसाळ्यात आणि नंतर आपल्याकडं डेंग्यू, चिकनगुनिया असतोच. घसा दुखून 2-3 आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असं फिरतं दुखणं 5 ते 15 वयात आलं तर ते हृदयाच्या झडपांना धोका देणाऱ्या तापाचं असू शकतं.

5. औषध वजनावर द्या.
पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत 6 तास, 24 तासांत 4 डोसांच्या वर नाही. बाटलीवर 5 मिलीत 120 मिलिग्रॅम आहे का 250 ते वाचा, इथं फार गडबड होते. अॅस्पिरिन मनानं देऊ नका, डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको.

6. दाखवायचं कुठं?
आधी बालरोगतज्ज्ञ. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेतच. अंगणवाडीत, सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. सोबत सकाळी उठल्या उठल्या चालतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत लेकरू बऱ्याचदा नीट चालायला लागतं आणि मग डॉक्टरला काही दिसतच नाही.

तपासण्या नॉर्मल आल्या तरी दुखणं-थकवा 2 महिन्यांच्या वर चालू राहिला तर तो लाँग कोविड असू शकतो. लेकराला आळशी म्हणू नका. थोडं चालणं, मग बसणं, दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही तरच थोडं जास्त. शाळेत पीटीच्या सरांना आधीच सांगून ठेवा, आणि एमआयएस-सी झालेला असेल तर हृदय तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळापळीचे खेळ बंदच ठेवा.