सीएमडीमधून पॉवरशेलमध्ये येताय? आधी हे बघा

सीएमडी म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची जुनी खिडकी, पॉवरशेल ही तशीच पण नवी. सीएमडीची सवय असलेला माणूस पॉवरशेल उघडतो, डिर टाकतो, फाइलींची यादी येते, मग वाटतं अरे सगळं तेच आहे की! तिथेच गडबड होते. नाव तेच असलं तरी आत कमांड वेगळी आहे, डिर हे इथे गेट-चाइल्डआयटम या कमांडचं फक्त टोपणनाव. म्हणून डिर /एस (सीएमडीत आतल्या फोल्डरांसकट यादी) टाकलं की लाल अक्षरात एरर येतो, सी:\एस हा पाथ सापडत नाही म्हणून. पॉवरशेलला तो /एस म्हणजे फोल्डरचा पत्ता वाटतो. इथे डिर -रिकर्स लिहायचं.

आधी आपण कुठे आहोत ते बघा. ओळीच्या सुरुवातीला पीएस दिसलं तर पॉवरशेल. मग $पीएसव्हर्जनटेबल टाकून व्हर्जन बघा, कारण विंडोज 10 आणि 11 सोबत 5.1 येतं आणि 7 वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, दोन्ही एकत्र नांदतात. दोन कमांड जोडणारं && 7 मध्ये चालतं, 5.1 मध्ये नाही.

सगळ्यात फसवं म्हणजे सेट. सेट एक्स=5 टाकलं तर एरर येतच नाही, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही (प्रोग्रामना वाचता येणारी, नाव देऊन ठेवलेली किंमत) बनत नाही, आणि मग आपण तासभर भलतीकडेच शोधत बसतो. इथे $एन्व्ह:एक्स = "5" असं लिहायचं, आणि %पाथ% च्या जागी $एन्व्ह:पाथ. चालू फोल्डरमधला प्रोग्राम किंवा बॅच फाइल (सीएमडीच्या कमांड लिहून ठेवलेली फाइल) चालवायची तर नावाआधी .\ लावा. जुन्या बॅच फाइल अशाच चालतात, त्या लगेच नव्याने लिहायची काही गरज नाही.

एवढा त्रास का घ्यायचा? कारण सीएमडीत पाइपमधून (| हे चिन्ह, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं) नुसता मजकूर जातो, आकडा हवा असेल तर तो ओळीतून कापून काढा. पॉवरशेलमध्ये पाइपमधून ऑब्जेक्ट जातो, म्हणजे फाइलची साइज, तारीख सगळं सोबतच येतं. डिर | सॉर्ट लेंग्थ टाका, फाइली साइजप्रमाणे लागतात, मला तर एवढ्यासाठीच पॉवरशेल आवडतं.

आणि डिलीट करताना शेवटी -व्हॉटइफ नक्की लावा. रिमूव्ह-आयटम *.टीएमपी -व्हॉटइफ टाकलं की कुठल्या फाइली जातील ते नुसतं दाखवतं, काही उडवत नाही. यादी नीट वाचा, मग -व्हॉटइफ काढून एंटर दाबा.