स्पॅनिश लिहिताना सारख्या उच्चाराची क्रियापदे कशी निवडावीत

बी-१, म्हणजे मध्यम, पातळीवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला काळ येतात, संभाषण जमते, तरीही निबंधावरच्या लाल खुणा कमी होत नाहीत. स्पॅनिशमध्ये एकटे आचे (h) उच्चारले जात नाही, बे (b) आणि उवे (v) यांचा उच्चार एकच आहे आणि बहुतेक प्रदेशांत ये (y) व जोड-एल (ll) यांतला फरकही मिटला आहे. कानाला सारखी वाटणारी रूपे लिहिताना मात्र वेगळी असतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गल्लत झाली तर मराठीत जे होते, तेच येथे होते.

मराठी विद्यार्थ्यासाठी खरा सापळा त्याच्या वहीत असतो, आणि मला त्यानेच सर्वाधिक काळ अडवून धरले. आपण उच्चार देवनागरीत टिपतो. ‘आसेर’, म्हणजे करणे, याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘एचो’. ‘एचार’, म्हणजे टाकणे, याचे ‘मी टाकतो’ हे रूपही ‘एचो’. पहिल्याच्या आरंभी आचे आहे, दुसऱ्याच्या नाही, पण वहीत दोन्ही एकसारखीच उतरतात आणि परीक्षेत हात तेच आठवतो. म्हणून स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय आजच सोडा. याला अपवाद करू नका.

निवड करताना मूळ क्रियापद विचारावे. ‘ओय ए एचो ला तारेआ’, म्हणजे आज मी गृहपाठ केला, येथे मूळ ‘आसेर’ असल्याने आचे हवेच. ‘ते एचो दे मेनोस’, म्हणजे मला तुझी उणीव भासते, येथे मूळ ‘एचार’, म्हणून आचे नाही. ‘आधी आबेर या सहायक क्रियापदाचे रूप आले की पुढे आचे लिहा’ हा नियम अनेक जण सांगतात, पण तो अर्धाच आहे, कारण ‘ए एचादो’, म्हणजे मी टाकले आहे, यातही आधी आबेर आहे आणि ‘एचादो’ हे एचारचे रूप असल्याने तेथे आचे येत नाही. ‘एस्ता एचा’, म्हणजे झालेली आहे, यात आचे आहे. ‘एचा साल’, म्हणजे मीठ घाल, यात नाही. ‘एचार सर्वांत आधी आचेलाच बाहेर टाकतो’ असे स्पॅनिश मुलांना शिकवतात, आणि पाठ करण्याजोगी क्लृप्ती मला तेवढी एकच वाटते.

समोरासमोर मांडलेल्या जोड्यांचे तक्ते मला अजिबात पसंत नाहीत, कारण जे वेगळे ठेवायचे तेच ते मनात एकत्र बांधतात. ‘वाचत राहा, आपोआप येईल’ हा शिक्षकांचा सल्लाही पुरेसा नाही. संगणकाच्या शुद्धलेखन-तपासणीवर विसंबू नका, दोन्ही शब्द कोशात असल्याने ती सहसा गप्प राहते. मात्र धीर सोडू नका. ‘आबेर’चे ‘आया’ आणि ‘सापडणे’ अर्थाच्या ‘आयार’चे ‘आया’ यांत मूळ स्पॅनिशभाषकही गोंधळतात. तेथे ‘एन्कुएन्त्रा’ हे ‘सापडणे’ याच अर्थाचे दुसरे रूप घालून वाक्य टिकले, तर जोड-एल. नाहीतर आचे आणि ये.

बे-उवेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ‘आब्लाबा’सारख्या अपूर्ण भूतकाळाच्या रूपांत नेहमी बे येतो, ‘इर’, म्हणजे जाणे, याच्या ‘इबा’तही बेच, उलट ‘तुवो’, ‘एस्तुवो’ आणि ‘आन्दुवो’ या तिन्हींत उवे लिहावा.