स्वायत्त संस्थेत रुजू होताय? आधी सेवानियम मागा

पगार शासनाच्या अनुदानातून, नियामक मंडळावर खात्याचे सचिव, जाहिरातीत सातवा वेतन आयोग. एवढ्यावर क्लासवाले 'सरकारी नोकरीत निवड' म्हणून फोटो लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात तुम्ही बहुतेक वेळा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीचे नोकर असता.

माझ्या नेमणूकपत्रात एक ओळ होती : 'संस्थेचे सेवानियम लागू राहतील.' सगळी मेख तिथंच. आमच्या नियमांत रजा, प्रवासभत्ता, शिस्तभंग हे सगळं शासनाप्रमाणे, 'आवश्यक त्या फेरफारांसह'. निवृत्तिवेतनाचं प्रकरणच नाही. शासनाचा जीआर (शासन निर्णय) निघाला की आपल्यालाही लागू, असं धरून चालू नका. आमच्याकडे आधी नियामक मंडळाचा ठराव, मग प्रशासकीय विभाग, मग वित्त विभागाची सहमती. थकबाकी तोवर लटकलेली. आणि शासनाचे नियम स्वीकारलेत म्हणून हक्क मिळाला, असंही नाही. औरंगाबादच्या 'वाल्मी'च्या (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या) कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतन मागितलं, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं : शासन पैसा देतं, मंडळावर शासनाचे प्रतिनिधी आहेत, शासनाचे नियम स्वीकारलेत, एवढ्यावरून सरकारी कर्मचाऱ्यांची बरोबरी हक्कानं मागता येत नाही. पुन्हा वाचा हे. मला कुणी वाचायला लावलं नव्हतं.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळात ५ ऑक्टोबर २००७ रोजी सेवेत असलेले बरेचसे लोक कायद्यानं प्रतिनियुक्तीवरचे (मूळ खात्यातून तात्पुरते पाठवलेले) सरकारी कर्मचारीच मानले जातात. नंतर भरती झालेले महामंडळाचे. शेजारशेजारच्या टेबलांवर दोन वेगळी भवितव्यं.

घाबरून रुजूच होऊ नका, असं मी म्हणत नाही. काम चांगलं असतं, मंत्रालयातल्यापेक्षा मोकळीक जास्त. अन्याय झालाच तर दारं बंद नाहीत : २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं सीएसआयआरला (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला) राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खाली 'राज्य', म्हणजे मूलभूत हक्क पाळायला बांधील यंत्रणा, मानलं. शासनाचं पुरेसं नियंत्रण असलेल्या संस्थेविरुद्ध रिट याचिका करता येते. मार्चमधली उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) आणि अखर्चित रकमेचा घोळ वर्षभरात अंगवळणी पडतो, त्याचं टेन्शन नको.

सल्ला कुणाचा घ्यायचा, यावर माझं मत पक्कं आहे. प्रतिनियुक्तीवर आलेले साहेब 'होईल सगळं' म्हणतात. त्यांचं निवृत्तिवेतन मूळ खात्यात सुरक्षित असतं. त्यापेक्षा लेखा शाखेतल्या जुन्या माणसाला गाठा. तीन गोष्टी विचारा : पद मंजूर आकृतिबंधात (पदांच्या मंजूर यादीत) आहे का, पगार वेतन अनुदानातून की प्रकल्पाच्या पैशातून, आणि शेवटचा निवृत्त झालेला माणूस काय घेऊन घरी गेला. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात सेवानियमांची प्रत मागवा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज मुलाखतीच्या आधीच टाका.