बायोस अपडेट आणि रॅमचं एक्सपो: या चुका टाळा

बायोस (मदरबोर्डावरचं, पीसी सुरू करून देणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा रॅमचं एक्सपो प्रोफाइल (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं आणि स्क्रीन काळी पडली, की बहुतेकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो. घरी जोडलेल्या पीसीचे ‘बोर्ड गेला’ म्हणून दुकानात येणारे बरेच किस्से इथूनच सुरू होतात. त्यातले कितीतरी बोर्ड मुळात गेलेले नसतात. पुढचं सगळं एएमडीचं एएम५ सॉकेट, म्हणजे रायझन ७००० आणि ९००० मालिकेचे प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. इंटेलवाल्यांसाठी एक्सपोच्या जागी एक्सएमपी, बाकी बरंचसं तेच.

काळी स्क्रीन दोन प्रकारची असते

पहिली असते फ्लॅशिंगच्या, म्हणजे बायोस अपडेट होत असतानाच्या वेळची. बायोसची चिप पुसून तिच्यावर नवं लिहिलं जात असतं. या काही मिनिटांत वीज गेली किंवा तुम्ही बटण दाबलं, तर चिपमध्ये अर्धवट मजकूर राहतो आणि बोर्ड खरंच अडकतो.

दुसरी असते मेमरी ट्रेनिंगची. नवा बायोस, नवी रॅम किंवा बदललेला वेग यांपैकी काहीही झालं, की पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमच्या सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज जुळवून बघतो. पंखे फिरत असतात, बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला छोटा दिवा लागलेला असतो, मॉनिटरवर मात्र काहीच नसतं. रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) असतील तर काही मिनिटं, मोठ्या क्षमतेच्या चार स्टिकना त्याहून बरीच जास्त. मधे पीसी एकदोनदा आपोआप बंद-चालू होतो, तेही ठीक आहे. अशा वेळी पॉवर तोडली तर बोर्ड मरत नाही, पण ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लोक दर दोन मिनिटांनी बटण दाबत राहतात आणि ते कधी पूर्णच होत नाही. पंधरा मिनिटं घड्याळ लावा आणि पीसीपासून लांब बसा.

वीज जाण्याचा धोका मात्र खरा आहे. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी किंवा वळवाचा पाऊस भरून आलेला असताना फ्लॅशिंगला बसू नका. यूपीएस नसेल आणि घराच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल, तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते आधी बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणारा क्षणभराचा वेळही पीसी रीस्टार्ट करायला पुरतो.

चुकीची फाइल, चुकीचं नाव

एकाच बोर्डाचे वाय-फाय असलेले, नसलेले आणि वेगवेगळ्या रिव्हिजनचे प्रकार असतात. गिगाबाइटच्या बोर्डावर रिव्हिजन कोपऱ्यात छापलेली असते, फाइल तिच्याशी जुळणारीच घ्या. झिप फाइल उघडून आतली फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाका.

प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल, तर डिस्प्ले येणारच नाही. रायझन ९००० ऑगस्ट २०२४ मध्ये आले. त्यांचा सपोर्ट नसलेला जुना बायोस असलेल्या बी६५० चिपसेटच्या बोर्डाला ते ओळखू येत नाहीत. इथे मागच्या बाजूचं फ्लॅशबॅक बटण कामी येतं. त्यासाठी प्रोसेसर लागत नाही, पण पॉवरच्या दोन्ही केबल जोडलेल्या हव्यात आणि फाइलचं नाव कंपनीने सांगितलेलंच हवं. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) लपवतं, त्यामुळे नाव बदलताना शेवटी एक्स्टेन्शन दोनदा लागतं आणि दिवा लुकलुकून नुसता थांबतो. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय चालू करून मगच नाव बदला.

एन्क्रिप्शनची किल्ली न शोधता अपडेट

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, कारण इथे डेटा जातो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक पीसींवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा आणि अपडेटपुरतं एन्क्रिप्शन थांबवा. सुरुवातीलाच ‘एफटीपीएम (प्रोसेसरमधली, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) रीसेट करायचं का’ असं विचारणारा, वाय किंवा एन दाबा म्हणणारा संदेश आला, तर किल्ली हातात नसताना वाय दाबू नका.

एक्सपो म्हणजे ओव्हरक्लॉकच

ओव्हरक्लॉक म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. रॅमच्या खोक्यावर ६००० (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) लिहिलंय म्हणून तो वेग प्रोसेसरने कबूल केलेला आहे असं नाही. रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, आणि चार स्टिक लावल्या की फक्त ३६००. म्हणून आज १६ जीबीच्या दोन घेऊन पुढच्या वर्षी आणखी दोन लावू, हा बेत डीडीआर५ मध्ये मला पटत नाही. एकदाच ३२ जीबीच्या दोन घ्या. त्याही प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

क्रम असा ठेवा: एक्सपो बंद, बायोस अपडेट, डिफॉल्टवर विंडोज नीट सुरू, त्यानंतर एक्सपो. दोन्ही एकदम केलं तर बिघाड कशाने झाला ते कळायला मार्ग उरत नाही. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदाला जातात, त्यामुळे एक्सपो पुन्हा चालू करायचं राहून जातं आणि महागडी रॅम ४८०० वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर निम्मा आकडा दाखवतं, ३००० दिसले तर घाबरू नका.

मग रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. एकही एरर चालत नाही. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नसल्याचा इशारा), ब्राउझरचे टॅब अचानक कोसळणं, गेम मधेच डेस्कटॉपवर येणं ही अस्थिर रॅमची लक्षणं आहेत, आणि तेवढ्या काळात सेव्ह झालेल्या फाइली गुपचूप खराब होत असतात. एरर आली तर वेग ५६०० वर आणा. व्होल्टेज चढवत बसू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधूनच घातली. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर अपडेट टाळू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचंही तसंच, २०२४ मधले मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दुरुस्तीचे बायोस घ्यायलाच हवेत. जास्त व्होल्टेजने प्रोसेसरची आधीच झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही.

तरीही सुरू होत नसेल तर

बायोसच्या सेटिंग पुसण्यासाठी प्लग काढा, सीमॉसच्या (त्या सेटिंग साठवणाऱ्या मेमरीच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. त्या सापडत नसतील तर गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा. बऱ्याच बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो. मग एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून सुरू करा आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. विंडोज आलं की आधी तारीख-वेळ तपासा. घड्याळ मागे गेलेलं असेल तर ब्राउझर जवळपास प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचं सांगेल.